कसर

घोडबंदर रोडच्या स्टुडिओत
पत्र्याच्या शेडखाली त्यांनी खाडी बांधली आहे.
प्लायवूडचा बांध, त्यावर खराखुरा चिखल,
आणि उघाडीची फळी मी सांगितली तशी,
वर सरकणारी.

मी इतिहास सल्लागार. श्रेयनामावलीत माझं नाव
रंगभूषा आणि भोजन यांच्या मध्ये येतं.
चौतीस वर्षं कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात मोडी वाचली.
आता नौपाड्याहून रिक्षानं येते,
भाडं वहीत मांडून निनादकडे देते.

ऐकतात माझं, खोटं कशाला बोलू.
त्या घरात तेव्हा बटाटा नव्हता म्हटलं, बटाटा गेला.
स्टीलचा तांब्या गेला.
सुनेच्या कोरलेल्या भुवया राहिल्या,
त्या करारात आहेत.
पागोट्याचे पेच मोजून घातले,
होडीची दोरी काथ्याची आणली, नथीतले मोती तीनदा बदलले.
दिग्दर्शक हात जोडून म्हणाला,
मॅडम, आम्ही कसलीच कसर सोडलेली नाही.

कसर होती ती कागदात.

मढवींच्या घरून आलेला एकच कागद,
दोन घरांच्या वैराचा.
मोडीत आधी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात,
दोरीवर बोंबील वाळत घालावेत तशी.
बोरू न उचलता लिहीत गेलाय कुणी कारकून:
उघाडी कोणी फोडली, कोणाच्या खाजणात खारं शिरलं,
भात किती खंडी गेलं,
आणि पुढे
धर्मा मढवी भरतीचे वेळी खाडीत बुड

इथे भोक

ला.

बुडाला की बुडविला?
कसरीनं एक काना खाल्ला, की अख्खा वि?
भिंग घेऊन तीन रात्री बसले.
भोकाच्या कडेला शाईचा एक फराटा उरलाय,
पण तो वरच्या ओळीतून लोंबणाराही असेल.

बुडविला, म्हणाला दिग्दर्शक, बसल्या जागी.
बुडाला म्हटलं तर मालिका एका भागात बुडते.
म्हणून सोमवारी रात्री साडेआठला
जीवा केणी त्याचं डोकं पाण्याखाली धरणार,
अचूक पागोट्यात,
अचूक नथीच्या देखत.

टँकर आला तो केण्यांचाच.
ती खाडी भरायला रोज दोन लागतात.
पाइप सोडून नंदेश माझ्या खुर्चीपाशी आला,
चपला लांब काढून.
बाय, खरा सांग. आमच्यांनी बुरवला का त्याला?
आमच्यान म्हंतान बुरला, त्यांच्यान म्हंतान बुरवला.
हलदीला दोनी घरा एकाच बेंजोवर नाचतान.
आता माझे पोरीचा जमलाय. मढव्यांच्यान.
सोमवारचे आत सांग.

बुडाला, म्हणता आलं असतं मला.
तोंडावर आलंच होतं.
पण चौतीस वर्षं फाटल्या जागी टिंबं देत आले,
कुणाचं शेत त्यात गेलं, कुणाचं वतन,
टिंबांच्या जागी अक्षर कधी घातलं नाही.
आज त्याच्या पोरीसाठी घालू?
आणि का नको घालू, तेही धड सांगता येईना.

म्हटलं, तिथे भोक आहे.
तो म्हणाला, दाखव.

मागच्या आठवड्यात निनादनं कागद लॅमिनेट करून आणला,
स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून, वीस रुपयांत,
जपायला म्हणून.
मी रडले नाही. ओरडले मात्र पुष्कळ.
आता नवी कसर लागायची नाही
आणि जुनी भरायची नाही.

नंदेशनं एका हातात कागद धरला,
वरून मोबाइलचा दिवा लावायला मला सांगितलं
आणि खाली आपला तळहात पसरला.
घट्टे पडलेला, ओला,
त्यावर उजेड पडला तिळाएवढा.

तेवढाच तो वाचत राहिला
बराच वेळ.
आतून कुणीतरी ओरडलं,
पाणी कमी पडतंय.